‘भरले जातात’ की ‘भरले जावेत’?
इंग्रजी गौण वाक्यांतील क्रियापदे आणि एका जामीनदाराची गोष्ट

माझी नात यंदा इयत्ता दहावीत आहे. काही दिवसांपूर्वी सायंकाळी ती इंग्रजीचे पुस्तक घेऊन माझ्याजवळ आली आणि एका वाक्यावर बोट ठेवून म्हणाली, “आजोबा, येथे छपाईची चूक झाली आहे का?” वाक्य असे होते : ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट शी टेक रेस्ट.’ तिचे म्हणणे असे, की ‘शी’ हा एकवचनी कर्ता असल्यामुळे ‘टेक्स’ हवे. आणि आधीचे क्रियापद भूतकाळी असल्यामुळे निदान ‘टुक’ तरी हवे. नुसते ‘टेक’ कोणत्या नियमात बसते?

तिची शंका रास्त होती. वाक्य मात्र बिनचूक होते. ते का बिनचूक होते, हे तिला समजावून देताना मला पस्तीस वर्षांपूर्वीचे माझ्या हातचे एक वाक्य आठवले. त्या वाक्याने एका सज्जन गृहस्थांना नाहक मनस्ताप दिला होता. आज ती हकिकत आणि तिच्यामागचे व्याकरण वाचकांपुढे ठेवीत आहे. आपल्या घरोघरी मुले इंग्रजी माध्यमात शिकत आहेत, व्यापाराचा पत्रव्यवहार इंग्रजीत होत आहे. तेव्हा हा विषय केवळ शाळेचा राहिलेला नाही.

एक वाक्य, दोन अर्थ

१९८९ साली मी एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत कर्ज विभागाचा अधिकारी होतो. एका छोट्या उद्योजकाला दिलेल्या कर्जास एक निवृत्त प्राथमिक शिक्षक जामीन होते. गावात सर्वजण त्यांना गुरुजी म्हणत, मीही म्हणत असे. कर्जदाराचे हप्ते मागे पडू लागल्याचे कानी येताच गुरुजी दोनदा शाखेत आले. “साहेब, अजून त्याच्याकडे माल शिल्लक आहे, तोवर त्याच्याकडून हप्ते नियमित भरून घ्या,” असे त्यांनी मला कळकळीने सांगितले. त्यांचे म्हणणे योग्यच होते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. कर्जदार बुडाला तर ओझे जामीनदाराच्या खांद्यावर येते, हे गुरुजींना पुरते ठाऊक होते.

मी त्यांच्या भेटीची नोंद क्षेत्रीय कार्यालयाकडे पाठवायच्या टिपणात केली. टिपण अर्थातच इंग्रजीत होते. मी लिहिले : ‘द गॅरंटर इन्सिस्ट्स दॅट द इन्स्टॉलमेंट्स आर पेड रेग्युलरली.’ मला म्हणायचे होते, ‘हप्ते नियमित भरले जावेत असा जामीनदारांचा आग्रह आहे.’ वाचणाऱ्याने मात्र अर्थ घेतला, ‘हप्ते नियमित भरले जातात असे जामीनदार ठासून सांगतात.’

मी लिहिलेल्या वाक्यातून दुसरा अर्थच आधी निघत होता, हे मला फार उशिरा कळले. सात-आठ महिन्यांनी खाते थकीत झाले, माल नाहीसा झाला आणि गुरुजींना वकिलामार्फत नोटीस गेली. तिच्यात एक परिच्छेद होता : हप्ते नियमित भरले जात असल्याचे आपण स्वतः बँकेस आग्रहपूर्वक सांगितले होते, सबब आता अनभिज्ञता दाखविता येणार नाही. गुरुजींना इंग्रजी फारसे येत नसे. मुलीकडून नोटीस वाचून घेऊन ते शाखेत आले. आवाज न चढविता त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, मी असे कधी म्हणालो?”

मी टिपणाची कार्यालयीन प्रत काढून वाचली. वाक्य माझे होते, सहीही माझी होती. ‘आर’च्या जागी ‘बी’ असते, किंवा ‘शुड बी’ असते, तर तो परिच्छेद नोटिशीत येताच ना.

क्रियापदाचे ‘अर्थ’

शाळेत आपण मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार ‘अर्थ’ शिकलो होतो : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘तो हप्ता भरतो’ हा स्वार्थ. घडते ते सांगितले. ‘त्याने हप्ता भरावा’ हा विध्यर्थ. घडावे असे वाटते ते सांगितले. ‘त्याने हप्ता भरला असता तर’ हा संकेतार्थ. जे घडले नाही त्याची कल्पना केली. मराठीत हा फरक कानाला स्पष्ट ऐकू येतो. ‘भरतो’ आणि ‘भरावा’ यांत गोंधळ करणारा मराठी माणूस सापडणार नाही.

इंग्रजीतही हा भेद होता. जुन्या इंग्रजीत विध्यर्थासारख्या रूपांना स्वतंत्र प्रत्यय होते. शतकांच्या ओघात ते झिजत गेले आणि आता त्यांची अगदी बारीक खूण उरली आहे : तृतीयपुरुषी एकवचनातील ‘एस’ गळतो, आणि ‘इज’, ‘आर’ यांच्या जागी नुसते ‘बी’ येते. ‘ही पेज’ म्हणजे तो भरतो. ‘दॅट ही पे’ म्हणजे त्याने भरावे. नातीच्या पुस्तकातील ‘शी टेक रेस्ट’ म्हणजे ‘तिने विश्रांती घ्यावी’. मुख्य क्रियापद भूतकाळी असले तरी हे रूप बदलत नाही, जसे मराठीतही ‘डॉक्टरांनी सुचविले की तिने विश्रांती घ्यावी’ यातील ‘घ्यावी’ बदलत नाही.

संस्कृतात हाच अर्थ विधिलिङ् या रूपांनी व्यक्त होतो. ‘अस्’ धातूचे विधिलिङातील तृतीयपुरुषी एकवचन म्हणजे ‘स्यात्’. स्याद्वादातील ‘स्यात्’ शब्द दिसायला हेच रूप आहे. आपल्या आचार्यांनी मात्र ते अव्यय मानून त्याचा अर्थ ‘कथंचित्’, म्हणजे ‘एका अपेक्षेने’, असा केला आहे. क्रियापदाच्या एका रूपाने विधानाची मर्यादा कशी ठरते, हे आपल्या परंपरेने किती बारकाईने पाहिले होते, याचा हा एक दाखला.

सूचना, मागणी आणि आग्रह यांची क्रियापदे

मिश्र वाक्यात मुख्य वाक्याचे क्रियापद हे घरातील कर्त्या माणसासारखे असते. गौण वाक्यातील क्रियापदाने कोणते रूप घ्यावे हे पुष्कळदा तेच ठरविते. सजेस्ट, रेकमेंड, प्रपोज, डिमांड, रिक्वेस्ट ही रोजच्या कामकाजातील क्रियापदे. त्यांच्यामागून ‘दॅट’ने सुरू होणारे गौण वाक्य आले आणि आपल्या मनातील मराठी वाक्यात ‘-वा, -वी, -वे’ असेल, तर इंग्रजीत नुसते मूळ रूप वापरावे किंवा ‘शुड’ जोडावे. ‘वुई रेकमेंड दॅट द लिमिट बी रिन्यूड’, ‘वुई रेकमेंड दॅट द लिमिट शुड बी रिन्यूड’, ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. अमेरिकन लेखनात पहिली रीत सर्रास आढळते. ब्रिटिश लेखनात ‘शुड’ अधिक चालते, आणि कित्येकदा साधे वर्तमानकाळी रूपही चालवून घेतले जाते. माझा घात या चालवून घेण्यानेच केला.

कारण ‘इन्सिस्ट’ आणि ‘सजेस्ट’ ही दोन क्रियापदे दुहेरी आहेत. ‘ही इन्सिस्ट्स दॅट शी पे’ म्हणजे तिने पैसे भरावेत असा त्याचा हट्ट. ‘ही इन्सिस्ट्स दॅट शी पेड’ म्हणजे तिने पैसे भरलेच होते असे त्याचे ठाम म्हणणे. ‘द रेकॉर्ड्स सजेस्ट दॅट ही लेफ्ट’ म्हणजे तो निघून गेल्याचे कागदपत्रांवरून दिसते. ‘वुई सजेस्ट दॅट ही लीव्ह’ म्हणजे त्याने निघून जावे अशी आमची सूचना. पहिल्या जोडीत तर मुख्य वाक्य शब्दशः तेच आहे. वस्तुस्थिती आणि अपेक्षा यांतील सारा भेद गौण वाक्यातील एका क्रियापदावर तोलून धरलेला आहे.

प्रत्येक क्रियापदाची बैठक निराळी

येथे आणखी एक सावधगिरी हवी. अर्थाने जवळची दिसणारी क्रियापदे रचनेने जवळची असतातच असे नाही. ‘तुम्ही यावे असे मला वाटते’ याचे शब्दशः इंग्रजी करून आपण ‘आय वॉन्ट दॅट यू शुड कम’ असे म्हणतो. विध्यर्थाचा नियम पाळल्यासारखा दिसतो, पण ‘वॉन्ट’ला ‘दॅट’चे गौण वाक्य मानवत नाही, तेथे ‘आय वॉन्ट यू टु कम’ असेच म्हणावे लागते. उलट ‘सजेस्ट’ला ही रचना मानवत नाही. ‘त्याने मला जायला सुचविले’ याचे ‘ही सजेस्टेड मी टु गो’ असे भाषांतर आपल्याकडे नेहमी ऐकू येते. ते अशुद्ध आहे. ‘ही सजेस्टेड दॅट आय गो’ असे हवे. ‘अॅडव्हाइज’ मात्र उदार आहे. त्याला ‘अॅडव्हाइज्ड मी टु गो’ही चालते आणि ‘अॅडव्हाइज्ड दॅट आय गो’ही चालते.

आपल्या ‘सांगणे’ या एका क्रियापदाला इंग्रजीत दोन वाटेकरी आहेत : ‘से’ आणि ‘टेल’. ‘टेल’नंतर ज्याला सांगितले तो माणूस लगेच यावा लागतो. म्हणून ‘ही टोल्ड दॅट ही वॉज इल’ चूक. ‘ही टोल्ड मी दॅट...’ किंवा ‘ही सेड दॅट...’ हे बरोबर.

कोणत्या क्रियापदामागे कोणती रचना चालते हे शब्दकोशातच नोंदविण्याचे मोठे काम ए. एस. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकाने केले. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवीत असत. परभाषक विद्यार्थ्याला शब्दाचा अर्थ कळूनही वाक्य साधत नाही, हे त्यांनी वर्गात पाहिले होते. त्यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. आज ‘अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ या नावाने घरोघरी दिसणारा कोश तो हाच. मुलांना कोश पाहायला सांगताना केवळ अर्थ पाहून तो मिटू नये, क्रियापदाखाली दिलेली नमुना-वाक्येही वाचावीत, असे आवर्जून सांगावे.

‘जेव्हा’ आणि ‘केव्हा’

काळाच्या बाबतीत आपली मातृभाषा आपल्याला कधी चकविते, तर कधी तारते. ‘तो येईल तेव्हा मी सांगेन’ या वाक्यात मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ आहे. इंग्रजीत मात्र भविष्यकाळ मुख्य वाक्याने एकदा सांगितला की ‘व्हेन’, ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘अन्टिल’, ‘इफ’, ‘अनलेस’ यांच्या मागे येणाऱ्या कालवाचक आणि अटीच्या वाक्यांत तो पुन्हा सांगत नाहीत. ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.’ बँकेच्या पत्रांत ‘आफ्टर यू विल सबमिट द पेपर्स’ असे वाक्य मी कितीदा दुरुस्त केले असेल याची गणती नाही.

मग ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ हे वाक्य बरोबर कसे? येथेही ‘व्हेन’ आहे आणि ‘विल’ही आहे! विद्यार्थी येथे हमखास अडखळतात. उत्तर मराठीतच आहे. या वाक्याचे मराठी करून पाहा : ‘तो केव्हा येईल ते मला ठाऊक नाही.’ येथे ‘जेव्हा’ नाही, ‘केव्हा’ आहे. गौण वाक्य वेळ सांगत नाही. ‘काय ठाऊक नाही?’ या प्रश्नाचे ते उत्तर आहे, म्हणजे ते नामवाक्य आहे. तेव्हा सोपी कसोटी अशी : मनात ‘जेव्हा-तेव्हा’ आले तर ‘विल’ गाळावे, ‘केव्हा’ आले तर भविष्यकाळी ‘विल’ खुशाल वापरावे. ‘इफ’लाही हीच कसोटी लागते. ‘जर तो आला’ असेल तर ‘इफ ही कम्स’. ‘तो येईल की नाही, कोण जाणे’ असेल तर ‘इफ ही विल कम’. इंग्रजीने एकाच शब्दात कोंबलेले दोन अर्थ मराठीने दोन शब्दांत नीट वाटून ठेवले आहेत.

दुसऱ्याचे बोलणे सांगताना

मराठीत दुसऱ्याचे बोलणे आपण बहुधा त्याच्याच काळात सांगतो : ‘ती म्हणाली की आई आजारी आहे.’ इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळात गेले की गौण क्रियापदही साधारणतः त्याच्यामागे जाते : ‘शी सेड दॅट हर मदर वॉज इल.’ याचा अर्थ आई आता बरी झाली असा नव्हे; हा ‘वॉज’ केवळ वाक्याच्या शिस्तीचा आहे. त्रिकालाबाधित सत्य सांगताना मात्र वर्तमानकाळ राहू शकतो : ‘द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन.’

‘विश’ या क्रियापदाची तऱ्हा आणखी वेगळी. ‘आय विश आय न्यू’ यातील ‘न्यू’ भूतकाळाचे नव्हे. ‘मला ठाऊक असते तर किती बरे झाले असते’ असा तो आजच्या अज्ञानाचा उद्गार आहे. हा आपला संकेतार्थ. ‘होप’ची गोष्ट तशी नाही, कारण आशा ही शक्य असलेल्या गोष्टीची असते : ‘आय होप ही कम्स’, ‘आय होप ही विल कम’, दोन्ही चालतात.

बोलणे सांगताना मुख्य क्रियापदाची निवडही जपून करावी. ‘ही नोज दॅट द अकाउंट इज क्लोज्ड’ असे लिहिले, की खाते बंद झाले आहे हे लिहिणाऱ्यालाही मान्य आहे असे ठरते. ‘ही थिंक्स’, ‘ही सेज’ किंवा ‘ही क्लेम्स’ लिहिले तर तशी हमी राहत नाही. ‘रिग्रेट’, ‘रिअलाइज’, ‘फर्गेट’ ही क्रियापदेही ‘नो’च्याच पंक्तीतील : आपल्यामागचे गौण वाक्य खरे आहे असे ती गृहीत धरतात. दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालताना हे भान ठेवले नाही, तर जे त्याने कबूल केले नाही तेही आपण त्याच्या नावावर चढवून बसतो.

पुढे काय झाले

गुरुजी परतल्यावर त्याच सायंकाळी मी क्षेत्रीय कार्यालयाला पत्र लिहिले. माझ्या टिपणातील वाक्यरचना सदोष होती, जामीनदारांनी हप्ते भरले जात असल्याचे कधीही सांगितले नव्हते, उलट ते भरून घ्यावेत अशी दोन वेळा विनंती केली होती, असे त्यात स्पष्ट केले. माझे शाखाधिकारी म्हणाले, “एवढ्या एका शब्दासाठी चूक लेखी कबूल कशाला करता?” परंतु तो एक शब्द गुरुजींच्या तोंडी घातलेला होता, तो माझ्या तोंडी परत घेणे मला भाग होते. माझ्याकडून खुलासा मागविण्यात आला, तो मी दिला. नोटिशीतील तो परिच्छेद मागे घेण्यात आला.

गुरुजींची जबाबदारी त्यामुळे टळली नाही. जामिनावरील त्यांची सही कायम होती. त्यांना निवृत्तिवेतनातून सोसतील असे हप्ते बांधून मिळाले आणि ते त्यांनी अखेरपर्यंत फेडले. शेवटचा हप्ता भरायला आले तेव्हा ते माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाले, “पैसे गेले त्याचे काही नाही साहेब. न बोललेले शब्द माझ्या नावावरून उतरले, हे बरे झाले.” मला उत्तर सुचले नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी एक सवय पाळली. सही करण्यापूर्वी प्रत्येक महत्त्वाचे इंग्रजी वाक्य मनात मराठीत म्हणून पाहायचे : ‘भरले जातात’ की ‘भरले जावेत’? ‘जेव्हा’ की ‘केव्हा’? ‘तो म्हणतो’ की ‘त्याला ठाऊक आहे’? मराठीत जेथे अर्थ दुभंगे, तेथे इंग्रजी वाक्य पुन्हा लिहायचे. यात वेळ फार जात नाही.

हे सारे ऐकून झाल्यावर नातीने पुस्तकातील त्या वाक्याखाली पेन्सिलीने बारीक अक्षरांत ‘घ्यावी’ असे लिहिले. मग वही उघडून तिने स्वतःचे एक वाक्य रचले आणि मला दाखविले : ‘आय इन्सिस्ट दॅट ग्रँडफादर टेक हिज मेडिसिन ऑन टाइम.’ मी म्हटले, “यात ‘टेक्स’ लिहिले असतेस तर?” ती हसून म्हणाली, “तर मी खोटे बोलले असते, आजोबा. तुम्ही कुठे वेळेवर घेता?”